चॉकलेटमध्ये सिलॅबल किती?



आजचा भाग एका खोडरबरामुळे सुचला. माझी ताई बडोद्याला असते. तिची मुलगी तिसरीत, इंग्रजी माध्यमात. परवा रात्री ताईचा व्हिडिओ कॉल आला आणि तिने मुलीचं वर्कशीटच कॅमेऱ्यासमोर धरलं. दहा शब्द दिलेले, प्रत्येकापुढे रिकामी चौकट, सिलॅबल मोजा आणि आकडा लिहा. ‘चॉकलेट’ या शब्दापुढे मुलीने टाळ्या वाजवून दोन लिहिलं होतं. ताईने ते खोडून चार लिहायला लावलं. चॉ, क, ले, ट. शाळेत टीचरने चारावर फुली मारली आणि लाल पेनने तीन लिहिलं. मार्क गेला एकच, पण ‘मम्मी, तुला इंग्लिश येत नाही’ हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा बोललं गेलं.

मी विचारलं, “ताई, तिने आधी काय लिहिलं होतं?”

“दोन.”

“मग तिचं बरोबर होतं की गं.”

ताई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे मी बरोबर उत्तर खोडलं?”

हो, खोडलं. पण ते का खोडलं गेलं, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण ताईच्या जागी तुमच्या-माझ्यातल्या बहुतेकांनी तेच केलं असतं.

सिलॅबल म्हणजे शब्दातला एक ठोका. बोलताना तोंड उघडतं, एक स्वर बाहेर पडतो, त्याच्या मागेपुढे काही व्यंजनं चिकटलेली असतात, तो सगळा मिळून एक ठोका. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘एकत्र धरलेलं’ असाच आहे. ऐकू येणारे स्वर जितके, तितके सिलॅबल. यातला ‘ऐकू येणारे’ हा शब्द अधोरेखित करा, कारण घोटाळा तिथेच होतो. इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच, फार तर वाय धरून सहा. पण स्वरांचे आवाज ब्रिटिश उच्चारात साधारण वीस आहेत. पाच-सहा अक्षरांनी वीस आवाजांचा संसार चालवायचा म्हटल्यावर ओढाताण होणारच. काही अक्षरं लिहिली जातात आणि बोलली जात नाहीत, काही आवाज बोलले जातात आणि त्यांना स्वतःचं अक्षरच नसतं.

दोन शब्द घ्या. पहिला ‘स्ट्रेंथ्स’. स्पेलिंग करा: एस, टी, आर, ई, एन, जी, टी, एच, एस. नऊ अक्षरं, पण स्वर एकच, मधला ए. म्हणजे सिलॅबल एक. दुसरा शब्द ‘एरिया’. ए, आर, ई, ए. चारच अक्षरं, आणि सिलॅबल तीन: ए-रि-या. तेव्हा अक्षरं मोजून सिलॅबल कळत नाहीत, हे एकदा मनात पक्कं करू.

पण ताईने इंग्रजी अक्षरं मोजलीच नव्हती. तिने देवनागरी मोजली होती. आपल्या मराठी माणसांची अडचण इथे वेगळी आहे, आणि ती इंग्रजीच्या पुस्तकांत सापडत नाही.

आपल्याकडे ‘अक्षर’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. एक लिहिलेलं अक्षर आणि एक बोललेलं अक्षर. वेदांच्या उच्चारांचे नियम सांगणारे जे प्रातिशाख्य ग्रंथ आहेत, त्यांत अक्षर म्हणजे स्वर, एकटा किंवा व्यंजनांसह. म्हणजे जवळजवळ सिलॅबलच! पण पुढे लिहिण्यातल्या एकेका घटकालाही आपण अक्षरच म्हणू लागलो, आणि मराठी बोलताना शेवटचा ‘अ’ गाळू लागलो. ‘घर’ लिहिताना दोन अक्षरं, बोलताना ठोका एक. ‘कमळ’ लिहिताना तीन, बोलताना क-मळ, दोन. अभंग म्हणताना मात्र हे गाळलेले ‘अ’ परत येतात. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं मोजतात, तेव्हा ‘कमळ’ची तीन धरतात आणि गातानाही तीन ऐकू येतात. गाण्यातला हिशोब वेगळा, गप्पांतला वेगळा.

आपापल्या गावाचं नाव घेऊन बघा. इंदूर: लिहिताना तीन, बोलताना इन-दूर, दोन. बेळगाव: लिहिताना चार, बोलताना बेळ-गाव, दोन. नागपूरचंही तसंच. ग्वाल्हेर: लिहिताना तीन, बोलताना ग्वाल्-हेर, दोन. बंगळूर: लिहिताना चार, बोलताना तीन. बडोदा मात्र लिहिताना तीन आणि बोलतानाही तीन, कारण शेवटी ‘आ’ आहे, आणि तो गाळता येत नाही.

आता परत चॉकलेटकडे या. ताई स्वतः मुलीला दुकानात विचारते तेव्हा ‘चॉक-लेट हवं का’ असंच विचारते. दोन ठोके. तिच्या तोंडाला बरोबर उत्तर माहीत होतं. पेन्सिल हातात घेतल्यावर डोळ्यांनी तोंडाचं ऐकलं नाही.

मग टीचरचं तीन कुठून आलं? स्पेलिंगमधून. चॉक, मग ओ, मग लेट. मधला ओ लिहिला जातो, पण रोजच्या बोलण्यात गिळला जातो. केंब्रिजच्या शब्दकोशात या शब्दाचा उच्चार दोनच सिलॅबलचा दिला आहे. अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टरमध्ये दोन आणि तीन दोन्ही सापडतात. तेव्हा टीचरचं तीन अगदीच चूक म्हणता येणार नाही, सावकाश, शब्द तोडून म्हटला तर तीन होतात. पण मुलीच्या दोनावर फुली बसायला नको होती, आणि ती तशी बसलीही नव्हती. फुली बसली आपल्या देवनागरी चारावर.

असे गिळलेले शब्द इंग्रजीत खूप आहेत. ‘वेजिटेबल’ आपण चार ठोक्यांत म्हणतो, तिकडे वेज-ट-बल, तीन. ‘कम्फर्टेबल’ आपल्याकडे चार, तिकडे बहुतेकदा कम्फ-ट-बल, तीन. ‘वेन्सडे’ स्पेलिंग बघितलं तर तीन वाटतात, बोलताना दोन. ‘बिझनेस’ दोन, मधल्या आयला कोणी विचारत नाही. ‘एव्हरी’ दोन. ‘फॅमिली’ आणि ‘कॅमेरा’ दोन किंवा तीन, माणूस किती घाईत आहे त्यावर. इथे एक सावधगिरी. शब्दकोशात मुख्य शब्दाच्या मधे जे ठिपके दिलेले असतात, ते पुष्कळदा छापताना ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा हे सांगणारे असतात. ते मोजू नका. त्याखाली उच्चाराची खूण असते, ती बघा. केंब्रिजच्या शब्दकोशात त्या खुणेतही ठिपके असतात, पण ते सिलॅबलमधले. मोबाइलवर हा शब्दकोश फुकट आहे आणि स्पीकरचं बटण दाबलं की ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकू येतात. मी अजूनही आठवड्यातून दोन-तीनदा ते दाबतो.

ठोके मोजायचे कसे? शाळेत टाळ्या वाजवायला सांगतात. ठीक आहे, पण टाळी वाजवताना माणूस आपोआप हळू होतो, आणि हळू झालं की ठोके वाढतात. चॉक-लेटचं चॉ-को-लेट होतं. म्हणून आधी शब्द एका वाक्यात, नेहमीच्या वेगाने म्हणा, आणि मग मोजा. दुसरी पद्धत, हनुवटीखाली हात धरा आणि शब्द म्हणा. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल तितके सिलॅबल. ही पद्धत ‘बनाना’ला छान चालते: ब-ना-ना, तीन. पण ‘बॉटल’ला फसते, कारण दुसऱ्या ठोक्यात तोंड फारसं उघडतच नाही. तिसरी पद्धत माझी आवडती: ओठ मिटून शब्द गुणगुणायचा. शब्द कळत नाही, फक्त ठोके राहतात.

‘बॉटल’चा विषय निघालाच आहे तर सांगतो. तिथे दुसऱ्या ठोक्यात नीटसा स्वर नसतोच. शेवटचा एल स्वतःच स्वराचं काम करतो. ‘टेबल’, ‘लिटल’, ‘सिम्पल’, सगळे असेच, दोन-दोन ठोक्यांचे. ‘बटन’मध्ये हे काम एन करतो, ‘रिदम’मध्ये एम. ‘रिदम’च्या स्पेलिंगमध्ये ए, ई, आय, ओ, यू यांतलं एकही अक्षर नाही आणि तरी सिलॅबल दोन. आपण ‘बॉटल’ची ‘बाटली’ केली आणि शेवटी सरळ ‘ई’ लावून टाकला. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

आणखी एक फसवणूक जोडस्वरांची. ‘टाइम’ देवनागरीत लिहिला की टा, इ, म असे तीन तुकडे दिसतात. इंग्रजीत सिलॅबल एकच. आ पासून इ पर्यंत जीभ घसरत जाते, मधे थांबत नाही. ‘हाउस’ही एक. मराठीत आपण ‘आई’ म्हणतो तेव्हा मात्र आ आणि ई असे दोन वेगळे ठोके असतात, आणि इंग्रजीतला ‘आय’, म्हणजे ‘मी’, हा एक ठोका. दोन्ही पाठोपाठ म्हणून बघा, फरक लगेच कानात बसेल. ‘क्वाइट’ म्हणजे ‘बऱ्यापैकी’, एक सिलॅबल. ‘क्वायेट’ म्हणजे ‘शांत’, दोन सिलॅबल. वर्गात ‘बी क्वाइट’ असं ओरडणारे कितीतरी शिक्षक मी ऐकले आहेत. मुलं शांत होतात, ते शिक्षकांच्या चेहऱ्याकडे बघून.

आता माझी स्वतःची गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वी बंगळूरला एका कंपनीत लागलो होतो. फोनवरून अमेरिकेतल्या लोकांशी बोलायचं काम. पहिल्याच आठवड्यात मी पलीकडच्या बाईंना सांगितलं, मागच्या महिन्यात आम्ही तुमच्या ऑफिसला मदत केली होती. इंग्रजीत म्हटलं, ‘वी हेल्पेड युअर ऑफिस’. हेल-पेड, दोन ठोके, शाळेत शिकवलं होतं तसे. पलीकडे शांतता. मग प्रश्न आला, “हू इज एड?” एड कोण? त्यांना ‘हेल्प एड’ ऐकू आलं होतं, एड नावाच्या कोणाला तरी मदत करा, असं काहीतरी. मी तेच वाक्य आणखी मोठ्याने, आणखी स्पष्ट ‘हेल-पेड’ असं म्हटलं. एड आणखी ठळक झाला. आमचा कॉल ऐकणाऱ्या वरिष्ठांनी तो मधेच स्वतःकडे घेतला, आणि पुढचे दोन आठवडे मला फोनवर बसवलं नाही, फक्त ईमेलवर. माझं इंग्रजी व्याकरण पक्कं होतं. वाक्यात चूक एकच होती, एक ठोका जास्त.

नियम खरं तर एका ओळीचा आहे. क्रियापदाला ईडी लागतो तेव्हा मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा ड चा आवाज असेल तरच ठोका वाढतो. वॉन्टचं वॉन्-टिड, नीडचं नी-डिड, दोन-दोन. बाकी कुठेही वाढत नाही. हेल्प्ट, वॉक्ट, आस्क्ट, लिव्ह्ड, प्लेड, सगळे एका ठोक्याचे. कारणही सरळ आहे. ट नंतर लगेच ट म्हणता येत नाही, मधे श्वासाला जागा हवी, म्हणून तिथे स्वर शिरतो. अपवाद काही विशेषणांचे: नेकिड, विकिड, सेक्रिड. ‘लर्न्ड’ म्हणजे ‘शिकलो’, एक ठोका, पण ‘लर्-निड’ म्हणजे ‘विद्वान’, दोन.

अनेकवचनाच्या एसचंही असंच. बॉक्स, वॉश, जज अशा शेवटी स, श, च, ज सारखा आवाज असेल तर ठोका वाढतो: बॉक्-सिझ, वॉ-शिझ. नाहीतर नाही. ‘क्लोद्स’, म्हणजे कपडे, हा एकच ठोका आहे. आपण ‘क्लो-थेस’ म्हणतो.

जास्तीचा ठोका घालणारे आपण एकटे नाही. उत्तरेत ‘इस्कूल’ आणि ‘इस्टेशन’ ऐकू येतं, पंजाबात ‘सकूल’, बंगालीतही ‘इश्कुल’. एका ठोक्याचं ‘स्कूल’ दोन ठोक्यांचं होतं. कर्नाटक-तेलंगणातल्या आपल्या मंडळींना ‘बस्सु’ आणि ‘कारु’ सवयीचे असतील. जपानमध्ये ‘स्ट्राइक’ हा एका सिलॅबलचा शब्द सु-तो-रा-इ-कु असा पाच मात्रांचा होतो, कारण जपानीला व्यंजनांची अशी गर्दी चालतच नाही. आपण मराठी लोक ‘स्कूल’ नीट म्हणतो आणि ‘इस्कूल’ला हसतो, पण ‘फिल्म’चं ‘फिलम’ करताना आपल्याला कळतही नाही. हे करण्यात लाज नाही. कोणतीही भाषा परका शब्द आपल्या मापाने कापूनच शिवते. प्रश्न फक्त समोरच्याला तो ओळखू येतो का, एवढाच. पुणे-नाशिकला ‘वर्केड’ म्हटलं तर कोणाचं काही अडत नाही. फोनवर, मुलाखतीत, दुसऱ्या देशातल्या माणसाशी बोलताना अडतं.

यावर आपल्याच माणसांनी अभ्यास केलेला आहे. हैदराबादला 1958 साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश सुरू झाली, जी आज इफ्लू विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. तिथल्या आर. के. बन्सल यांनी भारतीयांचं इंग्रजी बाहेरच्या लोकांना किती समजतं, याची पाहणी केली. ती 1969 साली पुस्तकरूपाने आली. न समजण्याच्या मोठ्या कारणांत त्यांनी शब्दातल्या आघाताची, म्हणजे कोणत्या सिलॅबलवर जोर द्यायचा याची चूक दाखवून दिली. आघात सिलॅबलवरच बसतो, तेव्हा आधी सिलॅबल मोजता यायला हवेत. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या ठोक्यावर, ‘फटॉग्रफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर. जोर हलला की बाकीचे स्वर बारीक होतात, आणि काही गिळलेच जातात. चॉकलेटमधला ओ असाच गेला.

ताईने मग विचारलं, की हे सगळं तिसरीतल्या मुलीला कशाला? बोलता येतंय ना तिला. प्रश्न रास्त आहे. शाळा हे शिकवते ते मुख्यतः स्पेलिंगसाठी आणि थोडं व्याकरणासाठी. ‘डिनर’मध्ये एन दोनदा का आणि ‘डायनर’मध्ये एकदा का? पहिल्यात डिन असा बंद तुकडा आहे, म्हणून आय ऱ्हस्व राहतो. दुसऱ्यात डाय असा उघडा तुकडा आहे. एकदा हे कळलं की ‘हॉपिंग’ आणि ‘होपिंग’ पाठ करावं लागत नाही. व्याकरणातही ‘टॉल’चं ‘टॉलर’ होतं, पण ‘ब्यूटिफुल’चं ‘मोअर ब्यूटिफुल’, कारण एक ठोका असेल तर सहसा ईआर लागतो आणि तीन असतील तर मोअर. दोनवाल्यांत भांडण आहे: ‘हॅपी’चं ‘हॅपियर’, पण ‘मॉडर्न’चं ‘मोअर मॉडर्न’.

एक मात्र मुलांवर लादू नये असं मला वाटतं. ते म्हणजे शब्द नेमका कुठे तोडायचा याचा हट्ट. ‘एक्स्ट्रा’ हा एक-स्ट्रा की एक्स-ट्रा? भाषाशास्त्रज्ञांचंही यावर एकमत नाही. ठोके दोन, एवढं सगळ्यांना मान्य आहे. मुलाने दोन लिहिलं तर पुरे.

ताईने दुसऱ्या दिवशी मुलीला जवळ बसवून सांगितलं, की तुझं दोन बरोबर होतं, मीच खोडलं. मग दोघींनी फ्रिजवरच्या सामानाच्या यादीतले सगळे शब्द गुणगुणून मोजले. ‘फायर’वर गाडी अडली, कारण माचिसच्या डबीवर तो छापलेला होता. मुलगी म्हणत होती एक, ताई म्हणत होती दोन. मला फोन आला. मी सांगितलं, या शब्दाबद्दल शब्दकोशांतही दोन मतं आहेत, तेव्हा दोघीही बरोबर. मुलीला हे अजिबात पटलेलं नाही.

पुढच्या भागात आघात घेऊ, म्हणजे ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’मधला गोंधळ, पंधरा हजार की पन्नास हजार. तोवर हे पाच शब्द वाक्यात घालून, नेहमीच्या वेगाने म्हणून मोजून ठेवा: इंटरेस्टिंग, वॉच्ड, आयडिया, ऑरेंजेस आणि सिलॅबल. उत्तरं पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच देईन.